वायफाय सुरू केलं की लॅपटॉप का गोठतो?

पातळी ५ : माहिती देणारा लेख

वाचण्याआधी बोला
• तुमच्या घरात कॉम्प्युटर बिघडला की सगळे कोणाला हाक मारतात?
• भारतातल्या आजी-आजोबांना तुम्ही फोनवरून कधी अशी मदत केली आहे का? तेव्हा कोणते मराठी शब्द आठवले नाहीत?

१. ‘हँग झाला’ म्हणजे नक्की काय झालं?

अमेरिकेत कॉम्प्युटर ‘फ्रीज’ होतो. मराठी घरात मात्र ‘फ्रीज’ म्हटलं की दूध आणि भाजी ठेवायचं कपाट डोळ्यांसमोर येतं. म्हणून बोलताना आपण म्हणतो, “आई, लॅपटॉप परत हँग झाला!” लिहिताना ‘गोठला’ हा शब्द वापरतात. थंडीत तळ्याचं पाणी गोठतं आणि हलत नाही, तसाच स्क्रीनही हलत नाही.

पण ‘हँग झाला’ असं म्हणताना लोक तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. आधी त्या वेगळ्या करूया.

• नेट गेलं. व्हिडिओ थांबला, समोरच्या माणसाचा आवाज तुटला. पण माऊस हलतो आणि दुसरी ॲप उघडतात. इथे लॅपटॉप ठीक आहे. अडचण राउटरमध्ये किंवा बाहेरच्या लाइनमध्ये असू शकते.
• एक ॲप अडकलं. ब्राउझर हलत नाही, पण घड्याळ पुढे जातंय आणि बाकीचं सगळं चालतंय. ते एक ॲप बंद केलं की काम होतं.
• पूर्ण लॅपटॉप गोठला. माऊस हलत नाही. कोपऱ्यातलं घड्याळ ९:४२ वर थांबलंय आणि प्रत्यक्षात पावणेदहा वाजून गेलेत. कीबोर्डवर कॅप्स लॉकचा दिवा असेल तर ते बटण दाबून बघा. दिवा लागत नाही, विझतही नाही? मग बहुधा आतलं सगळं कामच थांबलंय.

हा लेख तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे. त्यातही एका खास लक्षणाबद्दल: वायफाय सुरू असलं की लॅपटॉप काही वेळाने गोठतो, आणि वायफाय बंद केलं की तोच लॅपटॉप दिवसभर नीट चालतो. असं झालं की घरातलं कोणीतरी लगेच म्हणतं, “जुना झालाय, नवीन घेऊया.” थांबा! लॅपटॉपमध्ये दोष नसेलही. दोष कदाचित एका छोट्या प्रोग्रॅममध्ये असेल. त्या प्रोग्रॅमचं नाव ड्रायव्हर.

२. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा

मराठीत ‘ड्रायव्हर’ म्हणजे गाडी चालवणारा. कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर मात्र दुभाष्यासारखा असतो. दुभाषा म्हणजे दोन भाषा जाणणारा आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगणारा.

समजा, तुमची आजी पुण्याहून अमेरिकेत आली आहे. शेजारच्या बाईंना तिच्याशी बोलायचंय. आजीला इंग्रजीची सवय नाही, शेजारच्या बाईंना मराठी येत नाही. मध्ये तुम्ही उभे राहता आणि दोघींचं बोलणं पोहोचवता. तुम्ही दुभाषे झालात.

लॅपटॉपमध्ये वायफायची एक छोटी चिप असते. ती माहितीच्या रेडिओ लहरी करते आणि आलेल्या लहरींची पुन्हा माहिती करते. अशा चिप इंटेल, क्वालकॉम, ब्रॉडकॉम, रिअलटेक, मीडियाटेक अशा अनेक कंपन्या बनवतात. हवेतून बोलण्याचे नियम सगळ्यांचे सारखे असतात. ते नियम पहिल्यांदा १९९७ मध्ये ठरले. म्हणूनच कोणताही लॅपटॉप कोणत्याही राउटरशी बोलू शकतो. पण लॅपटॉपच्या आत चिपला हुकूम द्यायची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असते. विंडोज किंवा लिनक्स स्वतः प्रत्येक चिपची भाषा शिकत बसत नाही. प्रत्येक चिपसाठी एक दुभाषा असतो. तोच तिचा ड्रायव्हर.

दुभाष्याने एक शब्द चुकीचा सांगितला तर काय होईल? आजी म्हणाली, “नको,” आणि तुम्ही सांगितलं, “हो.” मग ताटात आणखी एक पोळी येणार! ड्रायव्हरच्या चुकीचा परिणाम मात्र एका पोळीपेक्षा खूप मोठा होऊ शकतो.

३. एवढासा ड्रायव्हर सगळं कसं बंद पाडतो?

एखादं ॲप बिघडलं तर तेवढंच बंद पडतं. मग ड्रायव्हर बिघडला की सगळा लॅपटॉप का थांबतो? कारण दोघांच्या जागा वेगळ्या आहेत.

एक अपार्टमेंटची इमारत डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक घरात विजेची वेगळी लाइन आहे. एका घरात टोस्टरमुळे फ्यूज उडाला तर तेवढ्याच घरात अंधार होतो. पण सगळ्या इमारतीचे मुख्य स्विच खाली एका खोलीत असतात. त्या खोलीत गडबड झाली तर सगळ्यांच्याच घरात अंधार.

ॲप ही घरं आहेत. मुख्य स्विचची ती खोली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्याला कर्नल म्हणतात. (सैन्यातले कर्नल वेगळे, हा कर्नल वेगळा!) कर्नलला सगळ्या मेमरीत जायची आणि सगळ्या यंत्रांना हुकूम द्यायची परवानगी असते. वायफायचे बहुतेक ड्रायव्हर याच खोलीत बसून काम करतात, कारण त्यांना चिपशी थेट आणि झटपट बोलायचं असतं. ॲपवर कर्नलचं लक्ष असतं. पण कर्नलच्या आत बसलेल्या ड्रायव्हरवर लक्ष कोण ठेवणार?

हे फक्त अंदाजाने म्हटलेलं नाही. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मायकल स्विफ्ट, ब्रायन बर्शाड आणि हेन्री लेव्ही यांनी २००३ मध्ये या विषयावर एक शोधनिबंध लिहिला. विंडोज एक्सपीच्या नोंदवलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के बिघाड ड्रायव्हरमुळे होतात, असा आकडा त्यांनी त्यात दिला. त्याआधी २००१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्सचा कोड तपासला होता. तिथे कर्नलच्या बाकीच्या भागापेक्षा ड्रायव्हरमध्ये चुकांचं प्रमाण तीन ते सात पट जास्त असू शकतं, असं दिसलं. याचं कारण समजण्यासारखं आहे. कर्नलचा मुख्य भाग सगळेच वापरतात, त्यामुळे त्यातल्या चुका लवकर सापडतात. एखाद्या चिपचा ड्रायव्हर मात्र ती चिप असलेल्या लोकांकडेच चालतो.

ड्रायव्हरला किती मोठी परवानगी असते, हे १९ जुलै २०२४ ला सगळ्या जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक ही टेक्सासमधली कंपनी. कॉम्प्युटरच्या सुरक्षेसाठी ती एक प्रोग्रॅम देते. त्याचा एक भाग कर्नलमध्ये ड्रायव्हर म्हणून बसतो. त्या दिवशी कंपनीने एक छोटी फाइल पाठवली. ड्रायव्हर माहितीचे २१ कप्पे वाचायला गेला, पण त्याच्याकडे २० च कप्पे होते. एकविसावा कप्पा नव्हताच! त्याने भलत्याच जागेतली मेमरी वाचायचा प्रयत्न केला आणि विंडोज बंद पडलं. सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळा स्क्रीन दाखवू लागले. (८५ लाख म्हणजे साडेआठ मिलियन.) अमेरिकेत हजारो विमानं रद्द झाली. भारतात काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कंपनीने ७८ मिनिटांत ती फाइल मागे घेतली. पण बंद पडलेल्या बऱ्याच कॉम्प्युटरांपाशी माणसांना स्वतः जावं लागलं. तिथे सेफ मोड सुरू करून ती फाइल हाताने पुसावी लागली.

तो ड्रायव्हर वायफायचा नव्हता, पण बसला होता त्याच खोलीत.

इथे एक फरक लक्षात ठेवा. निळा स्क्रीन येतो तेव्हा कर्नलला कळलेलं असतं की काहीतरी चुकलंय. आणखी नुकसान होऊ नये म्हणून तो स्वतःच थांबतो. लॅपटॉप गोठतो तेव्हा अनेकदा कर्नलला ते कळायलाही वेळ मिळत नाही. म्हणून गोठलेल्या लॅपटॉपचं कारण शोधणं जास्त अवघड असतं. तो जाताना चिठ्ठी ठेवून जात नाही.

४. ड्रायव्हर अडकतो कसा?

कारणं पुष्कळ आहेत. त्यातली तीन समजून घेऊया.

पहिलं कारण: एकमेकांची वाट बघणं. कर्नलमधल्या काही वस्तू एका वेळी एकानेच वापरायच्या असतात. म्हणून त्यांना कुलूप असतं. समजा, ड्रायव्हरच्या एका भागाकडे ‘अ’ कुलपाची किल्ली आहे आणि त्याला ‘ब’ ची हवी आहे. दुसऱ्या भागाकडे ‘ब’ ची किल्ली आहे आणि त्याला ‘अ’ ची हवी आहे. दोघंही म्हणतात, “आधी तू दे, मग मी देतो.” दोघंही कायमचे थांबतात, आणि त्यांच्या मागे रांगेत उभे असलेले बाकीचेही थांबतात.

दुसरं कारण: जागा कमी पडणं. स्वयंपाकघरात ताटांची चळत असते, म्हणजे एकावर एक ठेवलेली ताटं. प्रोग्रॅमही काम करताना माहितीची अशीच चळत लावतो. तिला स्टॅक म्हणतात. चळत फार उंच झाली तर वरची ताटं पडतात. याचं खरंखुरं उदाहरण वायफायच्याच इतिहासात आहे.

२००० नंतरच्या काही वर्षांत अनेक कंपन्या आपल्या वायफाय चिपसाठी फक्त विंडोजचे ड्रायव्हर देत होत्या. लिनक्स वापरणाऱ्यांनी काय करायचं? काही हुशार लोकांनी ‘एनडीआयएस-रॅपर’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये चालवायचा. म्हणजे दुभाष्यासाठी आणखी एक दुभाषा! युक्ती छान होती आणि बऱ्याच लोकांचं वायफाय सुरूही झालं. पण विंडोजचा ड्रायव्हर १२ किलोबाइटच्या स्टॅकच्या सवयीने लिहिलेला असायचा, आणि त्या काळात काही लिनक्समध्ये ४ किलोबाइटचाच स्टॅक असायचा. बारा ताटांच्या जागी चारच ताटांची जागा! चळत भरून वाहिली की शेजारची माहिती पुसली जायची आणि लॅपटॉप गोठायचा. लोकांना वाटायचं, चिप खराब आहे. चिप चांगलीच होती. कमी होती ती जागा.

तिसरं कारण: झोप. बॅटरी वाचावी म्हणून लॅपटॉप वायफायच्या चिपला मधूनमधून झोपवतो आणि काम आलं की उठवतो. कधीकधी चिप उठत नाही. चांगला ड्रायव्हर थोडा वेळ थांबतो, मग चिप पुन्हा सुरू करून बघतो. वाईट ड्रायव्हर मात्र उत्तराची वाट बघत बसतो आणि सगळ्यांना बसवून ठेवतो. म्हणून चार्जर लावलेला असताना ठीक आणि बॅटरीवर असताना गोठतो, असं दिसलं तर पहिला संशय याच कारणाचा घ्या.

५. कारण कसं शोधायचं?

चिडून पाच गोष्टी एकदम बदलू नका. त्यामुळे लॅपटॉप सुधारला तरी कशामुळे सुधारला हे कळणार नाही. नाही सुधारला तर नवीनच गोंधळ होईल. हे काम डॉक्टरसारखं करायचं: आधी प्रश्न, मग तपासणी, मग औषध.

पायरी १: काम जपून ठेवा. गृहपाठ, फोटो आणि महत्त्वाच्या फाइल यांची दुसरीकडे प्रत करा. गोठलेला लॅपटॉप बंद करायला पॉवरचं बटण सुमारे दहा सेकंद दाबून ठेवावं लागतं. त्यात न जपलेलं काम जातं.

पायरी २: काय बदललं ते आठवा. काल चालत होता आणि आज चालत नाही, तर मधे काय झालं? विंडोजचं अपडेट आलं? नवीन राउटर घेतला? तारीख लिहून ठेवा.

पायरी ३: नोंद करा. प्रत्येक वेळी गोठला की चार गोष्टी लिहा: किती वाजले, वायफाय सुरू होतं का, चार्जर लावला होता का, कोणतं काम चालू होतं. पाच-सहा ओळी झाल्या की त्यातून काहीतरी दिसायला लागतं.

पायरी ४: मुद्दाम पुन्हा घडवून बघा. हे विचित्र वाटेल, पण कारण शोधायचा हाच मोठा मार्ग आहे. ४ जुलै १९९७ ला ‘मार्स पाथफाइंडर’ हे यान मंगळावर उतरलं. काही दिवसांनी त्याचा कॉम्प्युटर मधेच स्वतःला पुन्हा सुरू करू लागला. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतल्या लोकांनी तसाच कॉम्प्युटर पृथ्वीवर चालवला आणि तोच बिघाड तिथे घडवून आणला. तेव्हा कळलं की हवामानाची माहिती घेणारं एक कमी महत्त्वाचं काम किल्ली धरून बसायचं आणि त्यापेक्षा जास्त महत्त्वाचं काम ताटकळत राहायचं. मग त्यांनी एक छोटी दुरुस्ती रेडिओने मंगळावर पाठवली, आणि बिघाड थांबला. तुमचा लॅपटॉप तर टेबलावरच आहे!

पायरी ५: वायफाय वेगळं काढा. वायफाय बंद करून लॅपटॉप चालवा. मग केबल लावून नेट चालवा. केबलने नेट चालतं आणि लॅपटॉप गोठत नाही, तर वायफायवरचा संशय पक्का होतो. वायफाय बंद असतानाही गोठतो, तर कारण दुसरीकडे शोधा: फार तापतोय का, मेमरी खराब आहे का.

पायरी ६: एका वेळी एकच बदल करा. विंडोजमध्ये ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. तिथे ‘नेटवर्क ॲडॅप्टर्स’मध्ये वायफायच्या चिपचं नाव दिसेल. आता या क्रमाने जा.

• ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये वीज वाचवण्यासाठी चिप बंद करायची परवानगी असते. ती काढून बघा. काही लॅपटॉपमध्ये हे पान नसतं, तेव्हा पुढे जा.
• अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. जुना दुभाषा परत येईल. जुना ड्रायव्हर जपून ठेवलेला नसेल तर हे बटण फिकट दिसतं आणि दाबता येत नाही.
• लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवीन ड्रायव्हर घ्या. ‘तुमचे सगळे ड्रायव्हर फुकट सुधारतो’ अशा जाहिरातींवर क्लिक करू नका.
• तरीही गोठतो? यूएसबीला लावायचं वेगळं वायफाय घेऊन बघा. त्याची चिप वेगळी आणि ड्रायव्हरही वेगळा. त्याने नीट चालला तर दोष आतल्या चिपमध्ये किंवा तिच्या ड्रायव्हरमध्ये आहे.

एक धोका लक्षात ठेवा. वायफायचा ड्रायव्हर काढून टाकला की वायफाय जातं. मग नवीन ड्रायव्हर आणणार कुठून? म्हणून आधी नवीन फाइल उतरवून ठेवा, मग जुना काढा. किंवा केबल हाताशी ठेवा.

पायरी ७: पुरेसा वेळ थांबा. लॅपटॉप दर दोन तासांनी गोठत असेल, तर दहा मिनिटं नीट चालल्यावर “झालं!” म्हणू नका. नेहमी जितक्या वेळाने गोठतो, त्याच्या तिप्पट वेळ तरी चालू द्या. दोन तासांनी गोठत असेल तर सहा तास.

लॅपटॉप किंवा क्रोमबुक शाळेचं असेल तर सेटिंग बदलू नका. फक्त पायरी ३ ची नोंद शाळेच्या तंत्रज्ञांना द्या. “सारखा हँग होतो” यापेक्षा “वायफायवर, चार्जर नसताना, या आठवड्यात पाच वेळा” हे ऐकून त्यांना खूप मदत होईल.

६. फोनवरून मदत

न्यू जर्सीत रात्रीचे साडेनऊ वाजलेत, नाशिकमध्ये सकाळचे सात. आजोबांचा लॅपटॉप गोठतोय आणि नात फोनवर आहे. ती काय विचारते आणि का विचारते, ते बघा.

आजोबा : अगं बाळा, हा लॅपटॉप सारखा अडकतोय. परवा तुझ्याशी बोलताना पण मधेच बंद पडला बघ.
नात : आजोबा, तुमचा चेहरा थांबला होता ना, तेव्हा माऊस हलत होता का?
आजोबा : नाही गं. काहीच हलत नव्हतं. शेवटी बटण दाबून बंद केला.
नात : बरं. हे कधीपासून होतंय?
आजोबा : झाला असेल आठवडा. त्याआधी एका रात्री ते अपडेट का काय ते चाललं होतं.
नात : आणि सकाळी गोठतो की संध्याकाळी?
आजोबा : सकाळी टेबलावर बसून पेपर वाचतो, तेव्हा काही नाही. संध्याकाळी गॅलरीत घेऊन बसलो की हमखास!
नात : टेबलावर चार्जर लावलेला असतो का?
आजोबा : हो, तिथेच तर प्लग आहे. गॅलरीत कुठला प्लग?
नात : मग आपण एक गोष्ट करूया. आज संध्याकाळी गॅलरीत चार्जरची लांब वायर नेऊन बसा. बाकी काही बदलू नका.
आजोबा : एवढंच?
नात : एवढंच. उद्या मला सांगा. नाही गोठला तर मी तुम्हाला एक छोटी खूण काढायला सांगेन. आणि आजोबा, कोणी फोन करून म्हणालं की तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय, आम्ही दुरुस्त करतो, तर सरळ फोन ठेवून द्या हं.

नातीने अजून काहीच दुरुस्त केलेलं नाही. पण लॅपटॉप पूर्ण गोठतो, अपडेटनंतर सुरू झालं, आणि बहुधा बॅटरीवर असतानाच होतं, एवढं तिला कळलं. गॅलरी राउटरपासून लांब आहे, म्हणून कारण तेही असू शकतं. चार्जर लावून गॅलरीतच बसायला सांगितलं की दोन्ही शक्यता वेगळ्या होतात. संशय म्हणजे पुरावा नव्हे, हे तिला माहीत आहे.

७. ड्रायव्हर मिळालाच नाही तर?

एनडीआयएस-रॅपरच्या काळात काही लोकांनी दुसरा, लांबचा रस्ता धरला. ब्रॉडकॉमच्या चिपची माहिती त्यांना मिळत नव्हती. म्हणून एका गटाने कंपनीचा चालू ड्रायव्हर चिपला काय काय हुकूम देतो ते शोधलं आणि लिहून काढलं. दुसऱ्या गटाने कंपनीचा ड्रायव्हर न बघता, फक्त ते लिखाण वाचून नवीन ड्रायव्हर बनवला. कोणी “तुम्ही नक्कल केली” असं म्हणू नये, म्हणून ही काळजी. तो ड्रायव्हर २००६ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये आला. पुढे सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने स्वतःच काही नव्या चिपसाठी लिनक्सचा ड्रायव्हर सगळ्यांसाठी खुला केला.

त्या लोकांनी केलं तेच काम तुम्ही आजोबांसाठी छोट्या प्रमाणात करता: नीट बघायचं, नीट लिहायचं, आणि दुसऱ्याला समजेल असं सांगायचं. त्यासाठी थोडं तंत्रज्ञान लागतं. नाशिकच्या लॅपटॉपसाठी मात्र मराठीही लागते.

नवीन शब्द

गोठणे : थंडीने घट्ट होणे, इथे, हालचाल पूर्ण थांबणे
दुभाषा : एकाचं बोलणं दुसऱ्याला त्याच्या भाषेत सांगणारा
बिघाड : नीट न चालणे, खराब होणे
लक्षण : ज्यावरून आजार किंवा बिघाड ओळखता येतो ती खूण
गाभा : सगळ्यात आतला, मुख्य भाग
चळत : एकावर एक नीट ठेवलेल्या वस्तू
कप्पा : कपाटातली किंवा पेटीतली एक छोटी जागा
ताटकळणे : खूप वेळ वाट बघत थांबावं लागणे
हमखास : नक्की, प्रत्येक वेळी
संशय : खात्री नसताना मनात आलेली शंका
पुरावा : गोष्ट खरी आहे हे दाखवणारी वस्तू किंवा माहिती

प्रश्न

१. ‘नेट गेलं’ आणि ‘लॅपटॉप गोठला’ यांतला फरक कसा ओळखाल?
२. ड्रायव्हरला दुभाषा का म्हटलं आहे?
३. एक ॲप बिघडलं तर लॅपटॉप चालू राहतो, पण ड्रायव्हर बिघडला तर थांबतो. इमारतीचं उदाहरण देऊन सांगा.
४. एका वेळी एकच बदल का करायचा?
५. नातीने आजोबांना गॅलरीतच, पण चार्जर लावून बसायला का सांगितलं? आजोबा त्याऐवजी टेबलावरच बसले असते तर काय कळलं नसतं?
६. दुसऱ्या दिवशी आजोबांचा फोन आला: “चार्जर लावूनही गोठला!” आता नातीने पुढे काय विचारावं? दोघांचं संभाषण आठ ओळींत लिहा. आजोबांशी बोलताना ‘तुम्ही’ वापरा.